आजोबांना बर्फ दाखव
"ऋचा, आजोबांना बर्फ दाखवून आण," एवढंच मी म्हणाले होते. एक्क्याण्णवचा फेब्रुवारी होता, इंग्लंडमधलं आमचं लेस्टर पांढरंशुभ्र झालं होतं आणि सासरे आठवड्यापूर्वीच साताऱ्याहून आले होते. आपल्याला आभाळातून पडतो तोही बर्फ आणि ट्रेमधून निघतो तोही बर्फच. इथे जन्मलेल्या माझ्या पाच वर्षांच्या लेकीला मात्र बाहेर पडतो तो स्नो, आणि बर्फ म्हणजे फ्रीजमधला, कडक. म्हणून ती अंगण ओलांडून थेट घरामागच्या कॅनॉलकडे पळाली. सासऱ्यांची हाक ऐकून मी धावले, तेव्हा ती गोठलेल्या पाण्यावर मधोमध उभी होती आणि ते काठावर बूट काढत होते. "मी आणतो तिला. कृष्णेत पोहलेला माणूस आहे मी." "बाबा, पाय टाकू नका, फुटेल ते." मी काठाशी गुडघे टेकले आणि आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. "ऋचा, रांगत ये." "रांगत म्हणजे काय?" "बाळासारखी, सोनू. हातपाय टेकून." तिला गंमत वाटली. ती निघाली, मध्येच थांबली आणि तिने बर्फाला नाक लावलं. "आई, खाली पाणी चालतोय." कुठेतरी कडकन वाजलं. "हो का? ये, मला सांग." हाताशी येताच तिच्या कोटाचा हुड धरून मी तिला ओढलं. ती म्हणाली, "आता उचल. बेबी चालत नाही." मी अजून गुडघ्यांवरच होते. मग आम्ही दोघी रांगतच काठ चढलो.