काळ्या गेंड्याचा सौदा

"तुमाला खरं वाटायचं न्हाई, पन गमच्या पाकिटातल्या एका पत्त्यापायी भरल्या बाजारात बैल गेलेला म्या ह्या डोळ्यांनी बघितलाय," सहादूबाबा म्हणाले.

राजूरच्या स्टँडजवळच्या टपरीत चहा घेणारे हसले. टपरीवाला गोरक्ष म्हणाला, "बाबा, मागल्या खेपेला तुमी कोंबडीला इहिरीत पवताना बघितलं हुतं."

"ती कोंबडी येगळी. ही गोष्ट घोडेगावची. टीव्हीवरच्या पैलवानांनी पोरांना याड लावलंय न्हवं, त्यातली."

घोडेगावच्या बाजारात मच्छिंद्र नावाचा माणूस चघळायच्या गमची पाकिटं विकायचा. प्रत्येक पाकिटात एका पैलवानाचं चित्र छापलेला पत्ता. सगळे पैलवान जमवील त्याला कंपनीकडून सायकल. बाकीचे पैलवान ढिगानं निघायचे, 'काळा गेंडा' मात्र कुणालाच सापडत नव्हता. अख्ख्या बाजारात तो एकच होता आणि मच्छिंद्रनं तो काचेत घालून दुकानावर टांगला होता.

गेंडा बघायला गर्दी जमायची. आपल्यालाही निघेल म्हणून प्रत्येकजण पाकीट घ्यायचा. दुकान चालायचं ते त्या एका पत्त्याच्या जिवावर. कुणी कितीही देऊ केले तरी मच्छिंद्र तो विकत नव्हता.

एका बाजारी रंगनाथ आला. बैल विकणारा माणूस, स्वभावानं ताठ. कुणाचा फुकटचा चहासुद्धा घ्यायचा नाही. बरोबर त्याची मुलगी भारती. तिच्याकडे गेंडा सोडून सगळे पैलवान होते. गावातली शाळा सातवीला संपली होती, पुढची शाळा लांब. सायकल आली तर शाळा, नाहीतर हातात खुरपं.

"गेंडा पायजे," रंगनाथ म्हणाला. "बोला किंमत."

मच्छिंद्रनं पोरीकडं पाहिलं. मग म्हणाला, "बैलवाले ना तुमी? मग बैलासारखाच सौदा करू. टाका रुमाल."

घोडेगावात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी रुमालाखाली उजवा हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची. जेवढी बोटं धरली, तेवढा भाव. बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि रुमालाखालचं पुन्हा कुणी कुणाला सांगत नाही.

"मच्छिंद्रचा उजवा हात कायम खिशात," सहादूबाबा सांगू लागले. "तो काढला, त्यो थेट रुमालाखाली. रंगनाथची पाची बोटं धरली गच्च. सोडंनाच! रंगनाथचं तोंड बघवंना. डोळ्यांत पानी आलं त्याच्या."

"मंग?" गोरक्षनं चहा गाळता गाळता विचारलं.

"मंग काय? मान हलवली गड्यानं. मच्छिंद्रनं काच उघडून पत्ता पोरीच्या हातात दिला. त्यो बी डाव्या हातानं! काय मगरुरी म्हनावी."

"पन मागितलं काय त्यानं?"

"बैल. जोडीतला चांगला. पोरीला सायकल मिळाली, आता जाती शाळंत. पन बापाला एका बैलावर आनून ठिवलं त्या चिंगूस मानसानं."

"लई वंगाळ," एकजण म्हणाला. "कागदाच्या तुकड्यापायी?"

"म्या समोर हुतो म्हनून सांगतो."

कोपऱ्यातल्या बाकावर एक बाई एसटीची वाट बघत बसली होती. तिनं कपबशी खाली ठेवली.

"बाबा, त्या मच्छिंद्रचीच मी बायकू, बनुबाई," ती म्हणाली.

सहादूबाबांनी टोपी सारखी केली.

"त्यो पत्ता गेला आन् आमचं दुकान बसलं. इकला, यवढंच म्हनत्यात. कशाला इकला, काय आलं, इचारलं की उठून बाहीर जात्यात. भांडून भांडून मी माहेरी निघाले हुते. बैल तर आमच्या दारात आलाच न्हाई."

"आता... म्या बघितलं त्ये सांगितलं," सहादूबाबा पुटपुटले.

"काय बघितलं? बोटं धरली म्हनं! आवो, त्यांच्या उजव्या हाताची समदी बोटं लग्नाआधीच उसाच्या चरकात गेल्यात. मंग रुमालाखाली भाव धरला किती?"