नव्या देशाचा फॉर्म

टेक्सासमधल्या शुगर लँड गावच्या लायब्ररीत शनिवारी सभा भरली: टेक्सासने अमेरिकेतून फुटून निघावं का? "निघावंच!" व्यासपीठावरून शोभनाकाकूंचे शेजारी बिल गरजले. समोर बसलेल्या काकूंच्या मांडीवर जाडजूड फाइल होती. तीत प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स आणि नियमाप्रमाणे उजवा कान दाखवणारे फोटो होते. चौदा वर्षं रांगेत काढून सोमवारी त्या अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेणार होत्या. "अगं, सोमवारपर्यंत गप्प बस," उल्हासकाका कुजबुजले. "नंतर बोलून काय उपयोग?" म्हणत काकू उठल्या. "बिल, मी शपथ कुठल्या देशाची घेऊ? पुन्हा रांग लावणार नाही, सांगून ठेवते. तुमच्या देशाचा फॉर्म दाखवा." बिलकडे फॉर्म नव्हता. हॅट काढून त्यांनी विचारलं, "मॅडम, माझी मुलगी शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात राहते. तिच्याकडे जायला व्हिसा लागेल?" काकूंनी फाइल उघडली. "लागेलच. फोटो काढून घ्या. उजवा कान दिसला पाहिजे."