मनमापक

"मला जगावंसं वाटत नाही," हेमांगीने रुग्णालयातल्या समुपदेशक देवस्थळींना सांगितलं. अडतीस वर्षांची हेमांगी ग्रंथालयात काम करायची. तिचा आवाज सपाट होता, नजर टेबलाच्या कडेवर.

देवस्थळींनी भिंतीवरच्या मनमापकाकडे पाहिलं. चेहरा आणि आवाज तपासून त्याने तिच्या मनाच्या त्रासाचा आकडा दिला होता, बारा. आकडा साठच्या पुढे गेल्याशिवाय कोणालाच वॉर्डात दाखल करता येत नसे.

"ताई, तुम्ही तर शांत दिसताय."

"मी स्वमग्न आहे. माझ्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. म्हणून तर तोंडाने सांगतेय."

"मला पटतंय हो. पण वॉर्डाचं दार आकड्यावरच उघडतं."

बाहेर बसलेली तिची धाकटी बहीण मृणाल हे ऐकून आत धावली. "अहो, तीन आठवडे झोपली नाहीये ती! तिचं ऐका की!" बोलता बोलता तिला रडू कोसळलं. आकडा चौऱ्याऐंशीवर गेला. वॉर्डाचं दार उघडलं आणि दोन परिचारिका मृणालला धरून आत घेऊन गेल्या. ती ओरडत राहिली, दार बंद झालं.

"तुम्हाला दोन महिन्यांनंतरची वेळ देऊ?" देवस्थळींनी हळूच विचारलं.

"तोवर मी नसेन," हेमांगी म्हणाली.

देवस्थळींनी मान खाली घातली आणि कार्डावर तारीख लिहिली.