फोटो पाठवू नये

"तो तोंड मिटलेला फोटो जोड," आई म्हणाली.

तो माझा स्थळांना पाठवायचा फोटो. अंगावर पैठणी, शेजारी कुंडी, आणि पुढे आलेले दात झाकायला ओठ घट्ट मिटलेले. तीन वर्षं तो गावोगाव फिरला, आणि दर वेळी 'पत्रिका जुळत नाही' एवढंच उत्तर आलं.

"आई, हा नोकरीचा अर्ज आहे. पाणी तपासायची प्रयोगशाळा. आणि जाहिरातीत चक्क लिहिलंय, फोटो पाठवू नये."

"मुलगी न बघताच घेतात? कसली माणसं म्हणायची ही!"

मी फोटोशिवायच अर्ज केला. मुलाखत फोनवर झाली, आणि त्यांनी मला घेतलं!

पहिल्याच दिवशी ओळखपत्रासाठी फोटो काढला. ओठ मिटायला गेले, पण हसूच आवरेना. झाडून सगळे दात दिसले.

संध्याकाळी आई ते ओळखपत्र कितीतरी वेळ बघत राहिली. "किती गोड आलाय गं! आता स्थळांना हाच पाठवू."

"मुळीच नाही." मी ते पुन्हा गळ्यात अडकवलं. "ज्याला बघायचंय, त्याने प्रयोगशाळेत यावं. येताना घरचं पाणी आणावं. आधी मी ते तपासणार."