वाल्बुर्गा आहे की!

वडिलांच्या पश्चात चुना-सिमेंटच्या घरच्या कंपनीचा मालक डेटलेफ झाला, कारण तो मुलगा होता. भट्ट्या, कामगार आणि गिऱ्हाइकं धाकटी बहीण वाल्बुर्गाच सांभाळायची. हा कोरं करकरीत हेल्मेट घालून वर्तमानपत्रांसाठी फोटो काढून घ्यायचा.

त्याच्या पासष्टीला सारा कारखाना जमला होता. बिअरचा मग उंचावून त्याने जाहीर केलं, "आता कारभार माझ्या टिलोकडे!" त्याचा हा मुलगा बर्लिनला कसलीशी गाणी वाजवायचा. कंपनीच्या चुनखडीच्या खाणीत त्याने कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

कामगारांचा पुढारी योस्ट याला राहवलं नाही. "साहेब, पोराला चुना कुठला नि पीठ कुठलं ते कळत नाही. कारखाना चालवणार कोण?"

"अरे, वाल्बुर्गा आहे की!" डेटलेफ खदाखदा हसला. "ना नवरा, ना पोरंबाळं. ती बिचारी जाणार कुठं?"

वाल्बुर्गाने केकचा घास सावकाश संपवला. "पलीकडच्या खोऱ्यातल्या सिमेंटवाल्यांकडे. सोमवारपासून तिथली प्रमुख मीच आहे."

योस्टने आपला मग खाली ठेवला.



"बाई, तिकडं माणसं लागतील ना?"