आत्याचा मान

"वाक की आता, आक्का," हरिओम म्हणाला. "बायका किती वेळ ताटकळल्यात."

शिवकन्या पाळण्यापासून दोन हातांवर उभी होती. वाकायचं, भाचीच्या कानात नाव सांगायचं आणि कुर्र करायचं, एवढंच उरलं होतं. कापडात गुंडाळलेला वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून फिरवून झाला होता. घुगऱ्या वाटायला काढून ठेवल्या होत्या. शेजारच्या सुलाबाईंनी तर आत्याच्या पाठीत धपाटा घालायला हातही उगारून ठेवला होता. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ते आत्यानं ठरवायचं, अशी या घराची रीत होती.

शिवकन्येच्या पाठीवरून घाम निथळत होता. पहाटे अंगात एकशे दोन ताप होता. देवगाव फाट्यावर जीपची वाट पाहताना तिनं गोळी घेतली. ताप दबला, गेला नाही. आल्यापासून ती ओसरीच्या टोकाला बसून होती. बाळाला घे म्हणाले तर 'आधी नाव, मग मांडी' असं म्हणून तिनं हसून टाळलं होतं. पडसंच आहे, उतरेल, अशी ती सकाळपासून स्वतःची समजूत घालत होती.

पण समजूत घालायला निदान माहिती तरी कमी हवी. शिवकन्या अंगणवाडी सेविका. गेल्या आठवड्यात तिच्या अंगणवाडीतली नऊ पोरं खोकत होती. त्यातल्या दोघांचा रिपोर्ट फ्लूचा आला. मग तिनंच घरोघरी जाऊन आयांना बजावलं होतं, की मोठ्या माणसाला हे चार दिवसांचं दुखणं, पण तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततं. दुखणाऱ्या माणसाला बाळाच्या आसपास फिरकू देऊ नका, मग ती सख्खी आजी का असेना. दुसऱ्याच्या घरात शहाणपण सांगायला तसं काही लागत नाही.

आणि ही तर दीड किलोची जन्मलेली पोर. सव्वा महिना परभणीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत काढून घरी आली होती. बाराव्या दिवसाचं बारसं म्हणूनच आज, अडीच महिन्यांनी होत होतं.

न येता राहणं शिवकन्येला जमलं नाही. तीन वर्षांपूर्वी भाऊ, हरिओम, हक्कसोडीचे कागद घेऊन आला होता. तिनं सही केली नाही. बापाच्या जमिनीत माझंही नाव राहू दे, एवढंच ती म्हणाली होती. तेव्हापासून भाऊबीज बंद, फोन बंद. आणि चार दिवसांपूर्वी अचानक भावजयीचा, राजेश्रीचा फोन आला. आक्का, नाव ठेवायला तुमी या. त्या रात्री शिवकन्या रडली होती. माहेर तिला पोटातून हवं होतं.

तोंडाला मास्क लावून कुर्र करावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण बायकांनी शंभर प्रश्न विचारले असते, आणि मास्क काढल्याशिवाय सोडलं नसतं.

"ए पोरी, टाइम टळायलाय," आई, कमलबाई, म्हणाली.

शिवकन्या पुढे झाली आणि वाकली. बाळ जागं होतं. मुठी उघडत मिटत होतं. नाव तिच्या ओठांवर आलं. त्याच क्षणी घशात खवखव उठली. तिनं श्वास कोंडला, पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि झटक्यानं मागे सरली. ती थेट अंगणात गेली. तिथं तिला खोकल्याची अशी ढास लागली, की डोळ्यांतून पाणी आलं.

ती परत आली ती दारापर्यंतच. "मी न्हाई ठेवत नाव," ती म्हणाली.

पाळण्याची गाणी थांबली. हरिओमचा चेहरा उतरला. "म्हंजी तुझ्या मनात अजून जमीनच हाय," तो म्हणाला. "आमी बोलवून चुकलो."

तिला गप्प राहता आलं असतं. मानी म्हणून सगळ्यांनी नावं ठेवली असती, आणि मानी असण्याची तिला सवय होती. पण मग हे घर कायमचं तुटलं असतं.

"मला ताप हाय," ती म्हणाली. "पहाटपासून. माझ्याकडची लेकरं फ्लूनं पडलीत, मला तेच लागलंय. मी चार दिस झोपून उठीन. ही उठायची न्हाई."

कमलबाई उभी राहिली. "ताप घेऊन लेकराच्या पाळण्यापाशी आलीस तू?"

"आले," शिवकन्या म्हणाली. "परत बोलावताल का न्हाई, भ्या वाटलं."

सुलाबाईंनी उगारलेला हात खाली घेतला. मग कमलबाईनंच राजेश्रीच्या बहिणीला पुढे बोलावलं. टाइम तर साधायलाच हवा होता. आत्या नाही तर मावशी. ती बहीण लगबगीनं उठून पाळण्याशी आली. शिवकन्या चपला शोधू लागली. एक सापडली, दुसरी कुणाच्या तरी पायांनी कुठे सरकली होती. राजेश्रीकडे पाहायची तिची छाती झाली नाही.

राजेश्रीनं बाळाला पाळण्यातून उचललं आणि ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत मागे सरली. बरोबर होतं तिचं, शिवकन्येला वाटलं. आई आहे ती.

"तू बस खाली," राजेश्री बहिणीला म्हणाली. मग तिथूनच तिनं अंगणाकडे पाहिलं.

"आक्का, ते नाव कुणाला सांगू नका. तुमी बऱ्या होऊन येईस्तोर हिला बिननावाचीच ठेवते मी."