छातीवरचा धुरा

कल्पना करा, तुमच्या बाबांच्या उघड्या छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा आखल्या आहेत. बाबा दुपारचे झोपले आहेत आणि तुमच्या हातात खोबरेलात बुडवलेला कापसाचा बोळा आहे. नूपुर तशीच बसली होती. श्वाससुद्धा जपून घेत होती.

कुही गावातलं शेत दुसऱ्याच्या भरवशावर सोडून ती आणि बाबा नागपूरला मिनलआत्याकडे राहायला आले होते. बाबांच्या डाव्या फुप्फुसात गाठ होती. दवाखान्यात छातीवरच्या रेघा बघून त्या गाठीवर रोज किरण सोडत.

किरण काय करतात, हे नूपुरनं सकाळीच आत्याला विचारलं होतं. आत्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं गळ्यातली पोत पुढे धरली. "अशी एक माळ आपल्या पेशीपेशीत राहते. मणी चारच तऱ्हेचे, पण कोणता मणी कुठं, त्यावर सारं शरीर चालते. किरण आत गेला का मणी फोडते. पेशीतल्या पाण्याच्याही ठिकऱ्या करते, अन् त्या ठिकऱ्या मण्यांवर आदळतात." मग तिनं घड्याळ पाहिलं. "बाकीचं आल्यावर सांगीन."

बाकीचं ऐकायला नूपुरला धीर कुठला? बाबांचे मणी रोज फुटत होते आणि मोठी माणसं त्यांना रोज आपणहून ऑटोत बसवत होती.

तिनं आतल्या बाजूची उभी रेघ पुसली. स्केचपेननं तशीच दुसरी काढली, दोन बोटं छातीच्या मध्याकडे. आता किरण चुकेल.

संध्याकाळी आत्या शाळेतून थेट दवाखान्यात आली. बाबा शर्टाची बटणं सोडत हसले. "मिने, या दवाखानेवाल्यायनं माह्या छातीची मोजणी करून ठेवली. आता फक्त दगड रोवाचे राहिले."

"तुह्या जिभेले काही झालं नाही," आत्या म्हणाली आणि नूपुरकडे वळली. "सकाळचं राहिलं ना वं? ऐक. फुटलेले मणी पेशी स्वतःच जोडते. चांगली पेशी उद्यापर्यंत बरंच नीट करून घेते. गाठीतल्या पेशीले ते तेवढं जमत नाही, म्हणून ती मरते. म्हणूनच रोज थोडे थोडे किरण."

नूपुरनं बाबांच्या छातीकडे बोट केलं. "अन् ह्या रेघा?"

"हा धुरा आहे, बेटा," बाबा म्हणाले. "आपल्या धानाच्या बांधीले चहूकडून मातीचा कसा राहते, पाणी बाहेर जाऊ नये म्हणून? धुऱ्याच्या पल्याड माहं काळीज आहे. धुरा सरकला, का गेलं शेजाऱ्याचं वावर."

धुरा सरकवणाऱ्याच्या घरचं गावात कोणी पाणी पीत नाही, हे नूपुरला ठाऊक होतं. ती काही बोलणार, तोच बाबांचं नाव पुकारलं. ते आत गेले, अरुंद टेबलावर आडवे झाले. यंत्र चालवणाऱ्या माणसानं रेघ बघून यंत्र जुळवलं आणि तो बाहेर आला. जाड दार हळूहळू सरकायला लागलं.

आत्याचा हात झटकून नूपुर धावली. दाराच्या फटीत आडवी उभी राहिली आणि त्या माणसाला म्हणाली, "काका, थांबा. ती रेघ तुमची नाही. माही आहे."